नऊ आणि एकोणीस

हळदीच्या दिवसांत वसमतच्या बायकांच्या वॉर्डात
सगळ्यांचेच हात पिवळे असतात.
म्हणून आम्ही कावीळ हातावर शोधत नाही,
पेशंटला खिडकीपाशी नेतो
आणि डोळ्याच्या पांढऱ्यात बघतो.
हे मला पुस्तकानं नाही, पाईकराव सिस्टरनी शिकवलं,
पहिल्याच आठवड्यात,
माझीच हनुवटी धरून उजेडाकडं वळवत.

त्या रात्री आम्ही दोघी. खाटा तीस, बाया बेचाळीस,
उरलेल्या सतरंजीवर, थेट जिन्यापर्यंत.
ओव्हर टेबलापाशीच झाली, नेहमीसारखी.
वाव्हळ सिस्टरच्या खांद्याला पर्स,
परभणीची शेवटची एसटी सुटायला सात मिनिटं.
"प्रयागबाईचं दहाचं इन्सुलिन राहिलंय, बाकी ओके."

प्रयागबाई दोन होत्या.

दहाचं इन्सुलिन माझ्या हाती आलं साडेबाराला.
मधे एक भाजलेली आली, हळदीच्या कुकरची वाफ,
एकीचा हात सलाईननं सुजला,
एकीचा दीर टेबलावर मूठ आपटून गेला.
माझी सलग पाचवी नाईट.
आल्यापासून पाण्याचा घोट नाही,
कारण पाणी प्यायलं की जावं लागतं,
आणि आपण गेलो की तेवढ्यात कुणीतरी जातं.

नऊ नंबरच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला.
गार लागलं तशी ती अर्धवट झोपेत म्हणाली,
"कशाची सुई वं माय?
साखर मला न्हाई. साखर त्या तिकडलीला हाय."

बोळा वाळला तरी मी तिथंच.
मग एकोणीसला गेले.
नाव विचारलं, गाव विचारलं, नवऱ्याचं नाव,
परत नाव. ती वैतागली.
सुई दिली, वेळ लिहिली,
आणि लिनन रूममध्ये धुतलेल्या चादरींच्या ढिगात
तोंड खुपसून उभी राहिले.

सकाळी सांगून टाकलं. वाटलं, आता मेमो.
पाईकराव सिस्टरनी ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली,
वर लिहिलं: होता होता राहिलेलं.
पहिली ओळ त्यांनी स्वतःची लिहिली.
अठ्ठ्याण्णव साल. रात्रीचे तीन. चुकीची बाटली. मुलगा, वय अकरा.
मग 'राहिलेलं' या शब्दाकडं बराच वेळ बघत बसल्या.
त्यांचं राहिलं नव्हतं.

"आता तुझं लिही. नाव नको.
कितवी नाईट, किती पेशंट, जेवली होतीस का,
एवढं मात्र लिही."

तेव्हापासून ओव्हर खाटेपाशी.
जाणारी आणि येणारी, दोघी मिळून, एकेका उशाशी थांबत.
नाव आम्ही वाचायचं नाही, पेशंटनं सांगायचं.
पहिल्या दिवशी एसटी चुकली.
वाव्हळ सिस्टर आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत,
आणि त्यांचं काही चूकही नव्हतं,
घरी लकवा झालेली सासू, तिलाही कूस बदलायला कुणीतरी हवंच.
आता ओव्हर अर्धा तास आधी सुरू होते.
त्या अर्ध्या तासासाठी पाईकराव सिस्टर
साहेबांच्या दारात चारदा उभ्या राहिल्या.

तिसरी सिस्टर अजून मिळालेली नाही.
अर्ज हिंगोलीत आहे की मुंबईत, कुणी सांगत नाही.
स्टूल तेवढं मिळालं, कपाटामागं,
एक पाय आखूड, खाली गॉजची घडी.
रात्री एकीनं वीस मिनिटं बसायचं, दुसरीनं वॉर्ड धरायचा.
बसलेलीला हाक मारायची नाही.
मारतोच आम्ही, पण आधी दोनदा विचार करतो.

एकोणीसवाली आता लांबूनच ओरडते,
"प्रयागबाई! साखरवाली! गाव कुरुंदा!"
आणि आम्ही पुढं सरकायच्या आत,
"अन् तुझं नाव काय गं? जेवलीस का?"
वॉर्डात हा प्रश्न पेशंटनं विचारायची पद्धत नव्हती.

काल रात्री स्टुलावर बसून मी तांब्याभर पाणी प्यायले.
मग गेले. दाराला कडी लावली.
परत येऊन मोजलं.
बेचाळीसच्या बेचाळीस होत्या.